शेपटीवरचे नाव

सोमवार, ११ फेब्रुवारी १९८५

सकाळच्या एस.टी.ने कागलला गेलो. कोल्हापुरात उद्यमनगरच्या कारखान्यांना सोमवारची सुट्टी. गणपतरावांच्या मळ्यातली शेड उघडली. कुलूप गंजले होते, रॉकेल सोडावे लागले. डाव्या पंखाच्या कापडाला उंदराने दात लावलेत. दोन्ही चाकांत हवा नाही. इंजिनचे प्लग काढून साफ केले, परत लावले. प्रोपेलर हाताने फिरवून पाहिला, मोकळा फिरतो. संध्याकाळी परत.

शेड दिवाळीपासून बंद होती. हंबीरराव दिवाळीनंतर कावीळ होऊन गेले. हे विमान आम्ही दोघांनी चार वर्षे बांधले. आखणी त्यांची, मोजमाप माझे. मी कारखान्यात तपासणीला आहे, इंजिनचे भाग मापात आहेत की नाहीत ते बघतो, तेच काम इथे. एका माणसाचे विमान आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, इचलकरंजीचे पॉलिस्टर कापड, मुंबईहून आणलेले जुने दोन सिलिंडरचे इंजिन. बसणारा पुढे, इंजिन त्याच्या पाठीमागे, आणि लांब नळीच्या टोकाला शेपटी.

त्यांचा धाकटा भाऊ कृष्णात म्हणतो, मी उडवणार. तोही पुण्याला ग्लायडर शिकलेला आहे. दिल्लीची परवानगी हंबीररावांच्या नावावर होती, ती त्याने स्वतःच्या नावावर करून घेतली. मी हो म्हणालो. अर्धवट जॉब ठेवणे बरे नाही, एवढेच कारण.

काम करताना सवयीने मागे हात करून दहाचा पाना मागितला. कृष्णात बाहेर होता. उठून घेतला.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

जुलेखाने वही बघितली. म्हणाली, "रोज बायकोशी चार शब्द बोलत न्हाईसा, आणि वहीशी पानभर?" मी म्हणालो, कामाची नोंद आहे. ती म्हणाली, "मग मलाबी कामाचंच सांगा की. आज भाजी काय आणलीसा?" भाजी आणायची राहिली होती.

सोमवार, १८ फेब्रुवारी

उंदराने कुरतडलेल्या जागी कापडाचे ठिगळ चिकटवले, इस्त्रीने ताणून घेतले. गुऱ्हाळातला गुळाचा काटा शेडमध्ये आणला आणि एकेक भाग सुटा करून वजन घेतले.

शेवटी कृष्णातला काट्यावर उभे केले. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावरच कामाला आहे. दिवसभर उसाच्या गाड्या मोजतो. स्वतः कधी चढला नव्हता. हंबीररावांपेक्षा अठरा किलोने जास्त भरला. इंजिनला एवढे ओझे झेपणार नाही.

मी म्हणालो, "मटण बंद."

"तांबडा रस्सा तरी?"

"बंद."

"पांढरा?"

"तोही."

"शमशूभाई, इमान न्हाय उडलं तर चालंल," कृष्णात म्हणाला, "पर माणसानं जगायचं कशासाठी?"

हंबीररावांचे वडील गणपतराव दारात उभे होते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते म्हणाले, "म्हशीच्या पाठीवर बसलास तर म्हस बसती खाली, हितं तर कापडाचं हाय. ऐक त्येचं." ते शेडच्या आत मात्र आले नाहीत. हंबीरराव असतानाही कधी आले नव्हते. त्यांना हा उद्योगच पसंत नव्हता.

सोमवार, २५ फेब्रुवारी

आज किरकोळ बदल केले. इंजिनला पेट्रोल सोडणाऱ्या तारेला जादा स्प्रिंग लावली, म्हणजे तार तुटली तरी इंजिन आपोआप मंद होईल. पंखांच्या खिळी निसटू नयेत म्हणून त्यांना दुसरी टाचणी घातली. कृष्णात म्हणाला, एक पुरे की. मी म्हणालो, पुरे आहे म्हणूनच दुसरी.

ऊस गेलेल्या वावराचा उतार काढून, रूळ फिरवून लांब पट्टी केली आहे. तिच्यावर विमान जमिनीवरूनच दोनदा पळवले. जोरात पळाले, सरळ पळाले. काही आवाज नाही, काही थरथर नाही. मला आणखी तपासायचे काही सुचेना. मग चाकांचे नट परत कसले.

परत येताना एस.टी.त झोप लागली. बऱ्याच दिवसांनी.

सोमवार, ४ मार्च

रंगारी आणला. रफिक. मार्केट यार्डाजवळ ट्रक रंगवतो, माझ्या मावशीच्या दिराचा मुलगा. त्याने विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मागे येऊन उभा राहिला.

"हितं 'हॉर्न ओके प्लीज' टाकू?"

"मागनं कोण येणार हाय?" कृष्णात म्हणाला.

"कावळं."

मी त्याला समजावले. आधी चंदेरी रंगाचा हात, म्हणजे कापडाला ऊन लागणार नाही. त्यावर पिवळ्याचे दोन पातळ हात, भरपूर थिनर घालून, फवाऱ्याने. ब्रश नाही. डबा आधी आणि नंतर काट्यावर ठेवायचा. रफिक दुखावला. "शमशूभाई, आठआठ टनांचं ट्रक रंगवलं, पर डबा मोजून कुणी दिला न्हवता. हा रंग हाय का केशर?"

दुपारी आबा आले. आज पहिल्यांदा शेडच्या आत आले. विमानाला हात न लावता शेपटीपाशी थांबले. म्हणाले, "शमशू, ह्येच्यावर हंबीररावाचं नाव घालायचं."

ते म्हणाले, "स्टँडावरच्या पाणपोईवर घातलं. शाळंत दोन बाकं दिली, त्येंच्यावर घातलं. तालमीत पंखा दिला, तीन पात्यांवर तीन शब्द घातलं."

"पंखा फिराय लागला की वाचता येत न्हाय," कृष्णात म्हणाला. "म्हणून आबा तालमीत शिरलं की पोरं पंखा बंद करत्यात, आणि आबा बाहेर पडूस्तवर घामानं निथळत बसत्यात."

आबा हसले नाहीत. "समदीकडं हाय, आणि ज्येच्यापायी पोरगं रात रात हितं बसलं त्येच्यावरच न्हाय, आसं चालंल व्हय? पाडव्याला उडवायचं. पावणं येत्याल. लांबनं वाचता आलं पायजे."

मी म्हणालो, घालू.

मंगळवार, ५ मार्च

नको म्हणायला हवे होते का? अक्षरांना रंग किती लागतो, फार थोडा. जागा शेपटीच्या सुकाणूवरच आहे, म्हणजे जे उभे फडके पायाच्या पट्टीने डावीउजवीकडे वळते त्यावर. विमानात दुसरीकडे एवढी सपाट जागा नाही. रफिकला पातळ लिही म्हणून सांगितले आहे. ठीक आहे.

सोमवार, ११ मार्च

रंग झाला. रफिक सहा दिवस मळ्यातच राहिला, शालूबाईंच्या हातचे जेवला. त्या हंबीररावांच्या आई. त्यांनी कृष्णातला मटण बंद म्हणून त्याच्या वाट्याचेही रफिकला वाढले. रफिकचे वजन वाढले असावे.

पंख पाहिले. काम उत्तम. मात्र पंखांच्या खालच्या कडेला कापडात मी मुद्दाम बारीक भोके ठेवली होती, आत साचलेले पाणी गळून जावे म्हणून. ती त्याने पुट्टी भरून बुजवली, वर रंग दिला. अभिमानाने म्हणाला, "उंदराची राहिलेली भोकं मीच बंद केली. तुमच्या नजरंतनं सुटलेली." सगळी परत उघडत बसलो. तो शेजारी बसून हळहळत होता.

मग त्याने शेपटीवर झाकलेली चादर काढली. दोन्ही बाजूंना 'कै. हंबीरराव'. सोनेरी, खाली लाल सावली. अक्षरे नुसती रंगवलेली नाहीत, आत पुट्टी भरून उचललेली आहेत. हात फिरवला तर बोटांना लागतात. ट्रकच्या मालकांची नावे तो अशीच करतो. मी पातळ सांगितले होते. तो म्हणाला, "भाई, मेल्या माणसाचं नाव पातळ कसं लिव्हायचं?"

आबा आले. चष्मा काढून धोतराला पुसला, परत लावला. बराच वेळ उभे होते. जाताना रफिकच्या पाठीवर थाप मारली.

पंखांचे, अंगाचे वजन परत घेतले, हिशोबात आहे. सुकाणू काट्यावर घेतले नाही. अक्षरे पुरती वाळली नव्हती.

सोमवार, १८ मार्च

पट्टीवर पळवले. अर्ध्यात कृष्णातने इंजिन बंद केले. घाम फुटला होता त्याला.

"पायाखाली पिठाची गिरण चालू झाल्यागत झालं. सुकाणूची पट्टी पायावर हाणायला लागली. धरून ठेवता ठेवंना."

दुसऱ्यांदा मी मागून पळत पाहिले. वेग वाढला की सुकाणू फडफडते, बसच्या खिडकीतून बाहेर राहिलेल्या पदरासारखे. हवेत असे झाले तर बिजागऱ्या राहणार नाहीत.

सुकाणूची केबल सैल असणार. ताणली. तरी तेच.

कृष्णात म्हणाला, "रंगाआधी पळवलं तवा तर न्हाय झालं."

मी म्हणालो, बिजागरीच्या खिळी झिजल्या असतील.

बुधवार, २० मार्च

खिळी नव्या केल्या, कारखान्यात लेथवर. काल आणि आज अर्धा अर्धा दिवस रजा टाकून कागलला गेलो. खिळी बदलल्या. केबल बदलली. पायाच्या पट्टीचा बोल्ट बदलला. फरक नाही. परवा पाडवा. पाहुण्यांना निरोप गेले आहेत. कोडोलीहून जुलेखाचे भाऊसुद्धा येणार म्हणतात, त्यांना कोणी बोलावले ते माहीत नाही.

कृष्णात म्हणतो, "फडफडू दे. मी घट्ट पाय देऊन एक चक्कर मारतो. आबांचं मन राहील."

मी जोरात नाही म्हणालो. इतक्या जोरात की शालूबाई बाहेर आल्या.

गुरुवार, २१ मार्च

आज तपासणीला एक फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचे जड चाक, आले. फिरवले की मशीन थरथरत होते. काठाला ओतकामातला छोटा गोळा राहिला होता, बोटाच्या पेराएवढा. मी खडूने फुली मारली आणि परत पाठवले. तीन मिनिटांचे काम. रोज करतो.

फुली मारली आणि खडू हातातच राहिला.

फडक्याच्या बिजागरीमागे वजन वाढले की ते वाऱ्यात स्वस्थ राहत नाही. ही गोष्ट हंबीररावांनी पहिल्या वर्षी मला पत्र्याच्या तुकड्यावर दाखवली होती. सोमवारी डोळ्यांसमोर सोनेरी पुट्टी हलत होती आणि मी खिळी बदलत होतो. मला कळले नाही असे लिहिणार होतो. पण तसे खात्रीने लिहिता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन आकृती काढली. बिजागरीच्या पुढे शिसे लावले तर तोल साधतो. आकृती चांगली झाली. मग लक्षात आले, शिसे धरायला नळी हवी, नळीला आधार हवा, आणि शेपटीचा सांगाडा त्यासाठी केलेला नाही. एरवी अशी आकृती दुसऱ्या कोणी आणली असती तर मी तीही खडूने कापली असती. आमचा नियम होता, जे काढता येते ते आधी काढायचे, जोडायचे नंतर.

संध्याकाळी कागलला गेलो. आधी सुकाणू काढून काट्यावर घेतले. आबा अंगणात उद्याच्या गुढीची काठी धूत होते. मी उभ्या उभ्याच सांगितले. सुकाणू, बिजागरी, मागचे वजन, सगळे. ते काठी धूतच होते.

"किती भरतंय?"

"पाऊण किलो. दोन्ही बाजूंचं मिळून."

"आणि पाऊण किलोनं इमान पडतं?"

"पडेल असं नाही. पडू शकतं."

"रफिकला सांगून बारीक कर की. नुसत्या रंगाचं."

"आता त्या फडक्यावर मी काहीच चढवणार नाही, आबा. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, हे मला परत मोजत बसायचं नाही." हे खरे नव्हते. पातळ अक्षरांचे वजन मला मोजता आले असते. पण परत तिथे नाव आले तर मी परत आंधळा होईन, हे त्यांना कसे सांगायचे?

आबा म्हणाले, "चार वर्सं मी त्या शेडात पाय टाकला न्हाय. येडं झालंय म्हणायचो त्येला. लोकांफुडं म्हणायचो. आता नाव टाकलं तर तूच पुसाय निघालास."

त्यांनी काठीवर आणखी एक तांब्या ओतला.

"दुसरं पोरगं बसणार हाय त्येच्यात," ते म्हणाले. मला सांगत होते की स्वतःला, ते समजले नाही. काठी भिंतीला टेकवली. "खरवड. पर मी हितं आसताना न्हाय. सोमवारी मी बाजारला जातो, तवा खरवड."

शुक्रवार, २२ मार्च

पाडवा. विमान उडाले नाही. जुलेखाचे भाऊ कागलहून जेवून परत आले आणि म्हणाले, पुरणपोळी एक नंबर होती.

सोमवार, २५ मार्च

आबा सकाळीच बाजाराला गेले. कृष्णातलाही घरी पाठवले. सुकाणू काढून मांडीवर घेतले.

पुट्टी खरवडताना कापड फाटता कामा नये. म्हणून पातळ लाकडी पट्टी आणि ओला सँडपेपर. आधी 'कै.' काढले. ते लवकर निघाले. मग नावाच्या मागून सुरुवात केली, 'व' आधी. रफिकचे काम पक्के आहे. 'हं' काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मध्ये दोनदा चहा करून प्यायलो, दुसरा नको होता.

हंबीर असता तर रंग वाळायच्या आत पुसला असता. वर हसला असता. पण तो असता तर नाव घालायचे कारणच नव्हते. हे असे काहीतरी मनात येत राहिले, कामाशी संबंध नसलेले.

पिवळ्याचा एक पातळ हात फवाऱ्याने दिला. वाळल्यावर काट्यावर घेतले. रंगाआधी होते त्यापेक्षा किंचित जास्त, चालण्यासारखे. बिजागरीवर लावून बोटाने ढकलले, जिथे सोडले तिथे थांबले.

संध्याकाळी वारा पडल्यावर पळवले. थरथर नाही. कृष्णात म्हणाला, "गिरण बंद झाली." रफिकला कळवायला हवे. कसे कळवायचे ते सुचत नाही.

बुधवार, २७ मार्च

रफिकला सांगितले. तो म्हणाला, "शमशूभाई, हे आधी सांगितलं असतंसा तर मी पुट्टीच न्हाय भरली असती. मला काय म्हाईत. ट्रकला शेपूट हलवायची सवय नसती." मग त्याने मला चहा पाजला. त्याचे काहीच चुकले नव्हते.

सोमवार, १ एप्रिल

कृष्णात म्हणाला, एक एप्रिलला उडवले तर कोणी खरे मानणार नाही. मी म्हणालो, म्हणूनच बरे.

उजाडता उजाडता वारा नव्हता. मी सगळे तपासले. परत तपासले. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा कृष्णात बसल्या जागेवरून म्हणाला, "शमशूभाई, नटाला आता लाज वाटाय लागली आसंल." मग बाजूला झालो.

शालूबाई बांधावर होत्या. आबा त्यांच्या शेजारी, पण पट्टीकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून उभे. रफिक आपणहून आला होता, नवा शर्ट घालून.

विमान पळाले. पुढचे चाक उचलले, मग मागची दोन्ही. जमीन आणि चाकांच्या मध्ये उजेड दिसला. नारळाच्या झाडाएवढे वर गेले असेल. विहिरीवरून सरळ गेले, कागलच्या बाजूला हलके वळले. सुकाणू वळले आणि सरळ झाले, जसे व्हायला हवे तसे. परत येऊन पट्टीवर उतरले. एक उडी घेतली, दुसरी लहान, मग थांबले. उडताना नोंद करायची होती, वेग, वळण, आवाज. वहीत काहीच लिहिलेले नाही.

आबा अजून उसाकडे बघत होते. म्हणाले, "उतरला?"

शालूबाई म्हणाल्या, "उतरला न्हवं. फिरा आता."

ते फिरले. सावकाश चालत विमानापाशी गेले. कृष्णातला काही बोलले नाहीत, मानेला घाम होता तो हाताने पुसला. मग शेपटीकडे गेले. पिवळ्या फडक्यावर काही नव्हते. रफिक तोंड चुकवून विडी शोधायला लागला.

तोपर्यंत रस्त्यावरून चारपाच माणसे पळत आली होती. एक अनोळखी माणूस, बहुतेक निपाणीचा, म्हणाला, "पावणं, इमान कुणाचं?"

मी तोंड उघडले होते. आबा आधी बोलले.

"माझ्या थोरल्याचं. हंबीररावाचं. ह्या शमशूनं आणि त्येनं केलंय." मग त्या माणसाचा हात धरून त्याला पुढे इंजिनपाशी घेऊन गेले आणि सांगत राहिले. त्यांना इंजिनातले काही कळत नाही. प्रोपेलरला पंखा म्हणत होते. मी दुरुस्त केले नाही. अजून माणसे येत होती, आणि ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते.

कृष्णात शालूबाईंना म्हणाला, "आई, आज तांबडा." शालूबाईंनी माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, पांढराही चालेल.

जेवून दुपारच्या एस.टी.ने परत आलो. जुलेखा कोडोलीला गेली आहे, उद्या येईल. घरात आल्यावर बघितले तर पँटचे दोन्ही गुडघे मातीने भरलेले. कपाळालाही माती होती, एस.टी.त कोणी सांगितले नाही. पट्टीवर मी गुडघे आणि कपाळ कधी टेकवले ते आठवत नाही.

नळाला पाणी आले होते. बादली भरली. पँट भिजत घातली, गुडघ्यांना साबण लावून ब्रशने घासली, पिळून दोरीवर टाकली.